मागाला नक्षी शिकवणारा विणकर

मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) : सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मंद्रूप हे गाव लागते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडणाऱ्या या पट्ट्यात सोलापुरी चादर ही मुद्दाम दाखवण्याजोगी वस्तू नव्हे. ती आहेरात दिली जाते, थंडीत अंगावर घेतली जाते, पाहुणा आला की अंथरली जाते. मात्र तिच्यावरील मोर कधी नीट निरखून पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. एका टोकाचा मोर आणि दुसऱ्या टोकाचा मोर यांत एका धाग्याचाही फरक नसतो. विणणाऱ्याने तो प्रत्येक वेळी नव्याने आठवून काढलेला नसतो. तो मागाला एकदाच सांगितलेला असतो आणि पुढे मागच त्याची उजळणी करीत राहतो.

ही उजळणी ज्या यंत्रणेमुळे शक्य झाली, तिला सोलापूरचा विणकर जकार्ड म्हणतो. मागाच्या डोक्यावर बसवलेल्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणाऱ्या या यंत्रणेचे नाव हे एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ मारी जकार्ड हा फ्रान्समधील ल्योन शहराचा रेशीम विणकर होता. १८३४ मध्ये तो निवर्तला. त्याने संगणक पाहिला नाही आणि तशा यंत्राची कल्पनाही त्याच्या मनात कधी आली नसेल. तरीही, संगणकाची भाषा न जाणणाऱ्या सामान्य माणसाने आपले काम यंत्राला कसे शिकवावे, या आजच्या प्रश्नाचा माग काढू लागले, की वाट त्याच्याच दारापर्यंत जाते.

नक्षी वाचणारी आई

जकार्डचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी ल्योन येथे झाला. वडील जरीच्या आणि रेशमाच्या कापडाचे कुशल विणकर होते. आई नक्षी वाचण्याचे काम करीत असे. आजच्या वाचकाला हा व्यवसाय अपरिचित वाटेल, म्हणून त्याचा थोडा खुलासा आवश्यक आहे. चित्रकाराने चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी मागाला थेट समजत नसे. कागदावरील प्रत्येक ओळ वाचून, त्या ओळीसाठी मागाचे कोणते उभे धागे वर उचलायचे हे ठरवून, त्याप्रमाणे दोऱ्यांच्या जुड्या बांधाव्या लागत. हे बांधून देणारी व्यक्ती म्हणजे नक्षीवाचक. बनारसच्या विणकरांमध्ये नक्षाबंद हेच काम करीत. दोऱ्यांत बांधलेली ती नक्षी म्हणजे मागाची स्मरणशक्तीच होती.

परंतु ही स्मरणशक्ती आपोआप चालत नसे. विणकर खाली बसून धोटा फेकी आणि एक मदतनीस, बहुधा लहान मुलगा, प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी ठरलेली दोऱ्यांची जुडी ओढून धरी. जुडीमागून जुडी, दिवसामागून दिवस हे काम चाले. ओझे जड असे, बसण्याची जागा अडचणीची असे आणि एक जुडी चुकली तर कापडात दोष राही. जकार्डनेही बालपणी हे काम केल्याचे त्याचे चरित्रकार सांगतात. शाळेशी त्याचा संबंध जवळजवळ आला नाही. तेराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे मुद्रण आणि पुस्तकविक्रीच्या व्यवसायात असलेल्या मेहुण्याने त्याला अक्षरओळख करून दिली.

दहाव्या वर्षी आई गेली आणि विसाव्या वर्षी, १७७२ मध्ये, वडिलांचे छत्र हरपले. वारशाने घर, माग आणि थोडी जमीन त्याच्याकडे आली. १७७८ मध्ये त्याने क्लोदीन बुआशों या विधवेशी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. संसार सुरू झाला, पण व्यवहारात जकार्डला यश लाभले नाही. कर्ज वाढले, प्रकरण न्यायालयात गेले आणि वडिलोपार्जित मालमत्तेचा बराचसा भाग विकावा लागला.

क्रांतीचे दिवस

अशातच फ्रेंच राज्यक्रांतीचे वादळ आले. १७९३ मध्ये ल्योनने पॅरिसच्या क्रांतिकारी सत्तेविरुद्ध बंड केले आणि शहराला वेढा पडला. जकार्ड शहराच्या बचावासाठी लढला. ल्योन पडल्यावर किशोरवयीन मुलासह त्याला पळ काढावा लागला. पुढे बाप आणि मुलगा दोघेही, ज्या सत्तेविरुद्ध लढले होते तिच्याच सैन्यात भरती होऊन ऱ्हाइन नदीच्या आघाडीवर गेले. हायडेलबर्गजवळच्या लढाईत मुलगा मारला गेला. एकुलता एक मुलगा गमावून जकार्ड ल्योनला परतला, तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती आणि नाव घेण्यासारखे काहीही त्याच्या हातून घडलेले नव्हते.

त्याचे खरे आयुष्य यानंतर सुरू झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. मागाच्या यंत्रणेत सुधारणा करण्याचा ध्यास त्याने घेतला. १८०१ मध्ये पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने आपला सुधारित माग मांडला आणि त्याला कांस्यपदक मिळाले. मासेमारीची जाळी विणणारे यंत्रही त्याने तयार केले. त्याची कीर्ती सरकारदरबारी पोहोचली आणि १८०३ मध्ये त्याला पॅरिसच्या कला व हस्तोद्योग संग्रहालयात बोलावून घेण्यात आले. तेथे जाक व्होकांसाँ या थोर यांत्रिकाने सुमारे १७४५ मध्ये बनवलेला माग होता. उपयोगात न आलेला तो माग जकार्डने अभ्यासला.

पुठ्ठ्यावरची आज्ञा

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भोके पाडलेल्या कागदाने माग चालवण्याची मूळ कल्पना जकार्डची नव्हे. १७२५ मध्ये बाझील बुशों याने कागदाची छिद्रित पट्टी वापरली होती. त्यानंतर काही वर्षांतच त्याचा सहकारी फाल्कों याने पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेले पुठ्ठे आणले. व्होकांसाँने मदतनिसाविना चालणारी यंत्रणा मागाच्या माथ्यावर बसवली. तिघांनीही अर्धी-अर्धी वाट चालली होती. जकार्डने फाल्कोंचे पुठ्ठे आणि व्होकांसाँची यंत्रणा एकत्र आणली आणि १८०४ मध्ये एका माणसाला एकट्याने चालवता येईल असा नक्षीचा माग सिद्ध केला.

त्याची युक्ती समजण्यास अवघड नाही. एक पुठ्ठा म्हणजे कापडातील एक आडवा धागा. पुठ्ठ्यासमोर सुयांची रांग असते आणि प्रत्येक सुईशी एक आकडा जोडलेला असतो. जेथे भोक असेल, तेथे सुई आरपार जाते, आकडा जागेवर राहतो आणि त्याला बांधलेले उभे धागे वर उचलले जातात. जेथे भोक नसेल, तेथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा बाजूला सरतो आणि धागे खालीच राहतात. त्या फटीतून धोटा जातो, पुठ्ठ्यांची माळ एक घर पुढे सरकते आणि पुढची ओळ सुरू होते. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली, या दोनच शक्यतांतून मोर उभा राहतो. माळेची दोन टोके जोडली, की तोच मोर पुन्हा पुन्हा येत राहतो. नक्षी बदलायची असेल तर माग मोडावा लागत नाही. पुठ्ठ्यांची माळ बदलली की काम भागते.

१८०५ मध्ये सम्राट नेपोलियनने ल्योनला भेट देऊन हा माग पाहिला. त्याचे हक्क ल्योन शहराकडे सोपवण्यात आले आणि त्या बदल्यात जकार्डला वार्षिक ३,००० फ्रँकचे तहहयात वेतन मिळाले. पुढील काही वर्षे वापरात येणाऱ्या प्रत्येक मागामागे ५० फ्रँक देण्याचेही ठरले. शोध शहराच्या मालकीचा झाल्याने कोणाही कारागिराला तो वापरण्याची मुभा मिळाली. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे ११,००० माग चालू असल्याचे सांगितले जाते. यंत्रणेतील उणिवा दूर करून ती खऱ्या अर्थाने भरवशाची करण्याचे श्रेय पुढे ब्रतों नावाच्या यंत्रकाराकडे जाते. इतिहासाने मात्र नाव जकार्डचेच लक्षात ठेवले.

दोऱ्या ओढणाऱ्यांचे काय झाले?

या यशाला दुसरी बाजूही होती. दोऱ्या ओढणाऱ्या मुलांची गरज संपली. ज्या कष्टप्रद कामातून स्वतः जकार्ड गेला होता, ते नाहीसे झाले हे खरे, पण त्याबरोबर अनेक गरीब घरांतील मिळकतही गेली. ल्योनचे विणकर जकार्डवर चवताळून उठले, त्यांनी त्याचा माग भर चौकात मोडून टाकला आणि त्याला जीव वाचवण्यासाठी पळावे लागले, अशा कथा प्रचलित आहेत. त्यांतील तपशील दंतकथेचा असू शकतो. त्यामागची भीती मात्र खोटी नव्हती.

१८३१ च्या नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा १८३४ च्या एप्रिलमध्ये ल्योनच्या विणकरांनी उठाव केले. १८३१ च्या उठावामागचे कारण माग नव्हता, विणकामाचा दर होता. व्यापाऱ्यांनी किमान दर पाळण्यास नकार दिल्याने असंतोषाचा भडका उडाला. यंत्राने काम वेगवान झाले, परंतु त्या वेगाचा लाभ कोणाच्या पदरात पडावा, हे यंत्राने ठरवले नाही. ते बाजाराने ठरवले.

आणखी एक बदल याहून संथपणे झाला आणि त्याकडे इतिहासकारांखेरीज फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुठ्ठ्यांना भोके पाडणे हे स्वतंत्र कसबाचे काम बनले. नक्षी चित्रकार काढणार, ती वाचून पुठ्ठे दुसराच कोणी तयार करणार आणि विणकर ती माळ चढवून माग चालवणार, अशी विभागणी पक्की झाली. हात विणकराचे, पण मागाला सूचना देण्याची विद्या दुसऱ्याची! एखाद्या विणकराला आपल्या मनातील नवी वेल चादरीवर आणायची असेल, तर त्याला पुठ्ठे पाडणाऱ्याकडे जावे लागे. आज इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये पुठ्ठ्यांची जागा संगणकातील फाइलने घेतली असली, तरी ही विभागणी बव्हंशी कायम आहे.

जकार्डला सरकारी सन्मान लाभले. १८१९ मध्ये त्याला फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर हा किताब देण्यात आला. अखेरची वर्षे त्याने ल्योनजवळच्या उलँ या गावी काढली आणि ७ ऑगस्ट १८३४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी तेथेच त्याचे निधन झाले. १८४० मध्ये ल्योन शहराने त्याचा पुतळा उभारला.

मागाकडून संगणकाकडे

त्याच्या निधनानंतर पाचच वर्षांनी ल्योनमध्ये त्याचे एक व्यक्तिचित्र रेशमात विणण्यात आले. त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. ते कापड आहे यावर प्रथमदर्शनी विश्वास बसू नये, इतके ते बारकाईचे होते. त्याची एक प्रत इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज यांनी मिळवली आणि ते ती आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत. बॅबेज यांनी कल्पिलेल्या गणनयंत्राला सूचना द्यायच्या होत्या त्या जकार्डच्याच पद्धतीच्या पुठ्ठ्यांनी. हे यंत्र प्रत्यक्षात पूर्ण झाले नाही, पण त्यावर १८४३ मध्ये एडा लव्हलेस यांनी लिहिलेली टिपणे संगणकाच्या इतिहासात अजरामर झाली. फुलापानांची नक्षी विणणारा माग आणि बीजगणिताची सूत्रे विणणारे यंत्र यांतील साम्य त्यांनीच प्रथम नेमके ओळखले.

पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी छिद्रित कार्डांवर माहिती नोंदवून ती यंत्राने मोजली. त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीतून पुढील काळात आयबीएम उभी राहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा संशोधक आपल्या आज्ञावल्या छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने घेऊन येत. सोलापुरात मागावर चढणारी आणि मुंबईत संगणकात जाणारी ही कार्डे एकाच घराण्याची होती.

कार्डे गेली, पडदा आणि कळफलक आले, पण ल्योनमध्ये पडलेली विभागणी येथेही उतरली. संगणक वापरणारा एक आणि त्याला आज्ञा लिहून देणारा दुसरा. मंद्रूपसारख्या मोठ्या गावांतील सेवा केंद्रात, पतसंस्थेत किंवा शाळेच्या कार्यालयात बसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, हे पाहिले की त्याची प्रचिती येते. एका यादीतील नाव उचलायचे, दुसऱ्या अर्जात भरायचे, तारीख बदलायची, छापायचे आणि पुन्हा पुढचे नाव. शंभर वेळा तेच काम. आपण काय करतो हे त्या माणसाला पुरेपूर ठाऊक असते. ते संगणकाच्या भाषेत लिहिता येत नाही, एवढीच अडचण असते. दोऱ्या ओढणाऱ्या मुलाची जागा जणू त्याने घेतली आहे.

करून दाखवा, मी शिकतो

या अडचणीवर संगणकशास्त्रज्ञांनी शोधलेला एक मार्ग जकार्डच्या घरातील वातावरणाशी फार जवळचा आहे. शिष्य जसा गुरूचा हात पाहून शिकतो, तसे संगणकाने माणसाचे काम पाहून शिकावे, असा तो विचार. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ मध्ये पिग्मॅलियन नावाची प्रणाली तयार केली. तीत आज्ञा लिहायच्या नव्हत्या, पडद्यावरील चित्रांच्या साह्याने एक उदाहरण सोडवून दाखवायचे होते. १९९१ मध्ये अॅपल कंपनीतील अॅलन सायफर यांनी ईगर ही प्रणाली मांडली. माणूस तेच काम पुन्हा करीत आहे असे जाणवले, की ती पुढची पायरी स्वतःच सुचवीत असे आणि माणसाला ती पटली तर उरलेले काम पूर्ण करीत असे. कार्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सेलमधील मॅक्रो नोंदवण्याची सोय हे याच विचाराचे साधे रूप. एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीत तर फ्लॅश फिल ही सोय आली. तिच्यामागे मायक्रोसॉफ्टमधील भारतीय वंशाचे संशोधक सुमित गुलवानी यांचे काम होते. पूर्ण नावांच्या यादीशेजारी एक-दोन आडनावे लिहून दाखवली, की उरलेली आडनावे संगणकच वेगळी करून देतो.

जकार्डचा पुठ्ठा आणि ही नवी पद्धत यांत एक मूलभूत फरक आहे. पुठ्ठा जे सांगितले तेवढेच करतो. करून दाखवलेल्या कामातून शिकणाऱ्या संगणकाला मात्र अंदाज बांधावा लागतो. कोणी यादीतील तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले, तर ती तिसरी आहे म्हणून, तेथे मंद्रूपचे नाव आहे म्हणून, की तेथील रक्कम सर्वांत मोठी आहे म्हणून? एका उदाहरणावरून हे कळत नाही. अंदाज चुकला तर हजार अर्जांत तीच चूक उमटते आणि चुकीची जुडी ओढल्यावर कापडात दिसणाऱ्या दोषासारखी ती लगेच डोळ्यांत भरत नाही. म्हणूनच संगणकाने काय शिकले, ते शिकवणाऱ्याला समजेल अशा रीतीने दाखवणे, हा या क्षेत्रातील सर्वांत कठीण प्रश्न राहिला आहे. माणसाने हात धरून वळण लावायचे यंत्रमानव आज कारखान्यांत आहेत आणि बोलीभाषेत सांगितलेले काम करू पाहणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. तरीही हा प्रश्न सुटलेला नाही.

दुसरा प्रश्न तंत्राचा नाही. एखाद्या कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षे हाताने केलेले काम संगणकाला एकदा करून दाखवले आणि संगणक ते शिकला, तर ते कसब कोणाचे? त्या कर्मचाऱ्याचे हात रिकामे झाल्यावर त्याने काय करायचे? जकार्डचा माग शहराच्या मालकीचा झाला आणि शोधकाला वेतन मिळाले. ज्या मुलांचे काम पुठ्ठ्यांनी उचलले, त्यांना कोणी काही दिले नाही आणि त्यांची नावेही कोणी नोंदवली नाहीत.

चादरीचा वारसा

सोलापूरला हा इतिहास परका नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराचा वस्त्रोद्योग घडवला, गिरण्यांचे भोंगे वाजले आणि कालांतराने थंडावले, हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. प्रत्येक वळणावर कोणाचे तरी हात रिकामे झाले आणि कोणी तरी नवे कसब शिकले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या हातांची पुण्याई आहे. त्या चादरीवरील नक्षीला आजही ल्योनच्या त्या विणकराची यंत्रणाच आकार देते.

तेराव्या वर्षापर्यंत अक्षरशत्रू असलेला, व्यवहारात बुडालेला आणि रणांगणावर मुलगा गमावलेला हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. त्याने माग बाहेरून पाहिला नव्हता, त्याच्याखाली बसून तो चालवला होता. काम करणाऱ्यालाच यंत्राची खरी अडचण ठाऊक असते, हे त्याच्या आयुष्याने दाखवून दिले. यंत्राला शिकवण्याचा अधिकार मात्र त्या काम करणाऱ्याच्या हाती राहिला नाही, हे त्याच्या शोधाच्या पुढील प्रवासाने दाखवले. तो अधिकार पुन्हा सामान्य माणसाकडे आणण्याचे काम गेली पन्नास वर्षे चालू आहे. ते पुरे होईल तेव्हा मंद्रूपच्या कार्यालयातील एखादा कारकून, कोणतीही संगणकीय भाषा न शिकता, आपले काम यंत्राला करून दाखवील आणि यंत्राने ते बरोबर उचलले की नाही, हेही स्वतःच तपासून घेईल. त्याच्या पदरात त्याचे काय पडते, यावर जकार्डच्या वारशाचे खरे मोल ठरणार आहे.